गल्लीतली व्यालेली मादी, घरातली नमाज आणि मे महिना: जाफरनगरच्या एका प्रश्नाचे उत्तर

प्रश्न नागपूरच्या जाफरनगरमधल्या एका कुटुंबाचा आहे. गल्लीत राहणारी कुत्र्याची मादी इमारतीच्या जिन्याखाली व्याली. चार पिल्ले आहेत, डोळे नुकतेच उघडलेत. मुलीला त्यातले एक घरी आणायचे आहे. अम्मी म्हणतात, घरात कुत्रा असला की रहमतचे फरिश्ते येत नाहीत, कपडे नापाक (अशुद्ध) होतात, नमाज होत नाही. शेजारी म्हणतात, त्या मादीला खायला घालणेच बंद करा. तर खायला घालावे का, पिल्लू घरात घ्यावे का, आणि कुत्र्याचा स्पर्श झाला तर पाकीचे काय, असे विचारले आहे.

हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. लोक नेमके इथेच चुकतात. पाकीचा नियम दाखवून दया नाकारतात, किंवा दयेची हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) दाखवून पाळण्याचे नियम बाजूला सारतात. दोन्ही चूक आहे.

आधी दयेचे. त्यावर कुठल्याही मसलकात (धर्मशास्त्राच्या पंथात) वाद नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हदीस आहे. वाटेने जाणारा तहानलेला माणूस विहिरीत उतरून पाणी पितो, वर येतो तर एक कुत्रा तहानेने ओली माती चाटतोय. तो पुन्हा खाली उतरतो, पायातला चामडी मोजा पाण्याने भरतो, तो दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. अल्लाहने त्याची ही कृती कबूल केली आणि त्याला माफ केले. सहाब्यांनी (पैगंबरांच्या सोबत्यांनी) विचारले, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला सवाब (पुण्य) आहे का? उत्तर आले, प्रत्येक जिवंत, ओल्या काळजाच्या प्राण्यात सवाब आहे. दुसऱ्या हदीसमध्ये बनी इस्राईलमधल्या एका वेश्येला कुत्र्याला पाणी पाजल्याबद्दल माफी मिळाली. आणि याच्या उलट, एका बाईला मांजरीमुळे शिक्षा झाली. तिने मांजर कोंडून ठेवली, स्वतः खायला दिले नाही आणि बाहेर जाऊन किडामुंगी खाऊ दिली नाही. पाणी पाजलेला तो कुत्रा पाळलेला नव्हता, शिकारीचा नव्हता, राखणीचाही नव्हता. वाटेवरचा होता, जिन्याखालची मादी आहे तसाच.

कुरआनात (सूरह अनआम, आयत ३८) जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सगळे जीव तुमच्यासारख्याच उम्मती (समुदाय) आहेत असे म्हटले आहे. सूरह कहफमध्ये गुहेतल्या ईमानवाल्या तरुणांसोबत त्यांचा कुत्रा आहे, दारापाशी पुढचे पाय पसरून बसलेला. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या कुत्र्याने धरून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. म्हणून "इस्लाममध्ये कुत्रा म्हणजे नुसता तिरस्कार" असे जे सरसकट बोलले जाते त्याला कुरआनात आधार नाही.

मदीनेत एका काळी कुत्री मारण्याचा हुकूम झाला होता, हे खरे. पुढे तो थांबवला गेला, आणि शिकारीच्या व गुराढोरांच्या कुत्र्यांना स्पष्ट सूट दिली गेली. अबू दाऊद आणि तिरमिजी या हदीससंग्रहांत असेही आले आहे की कुत्री ही उम्मतींमधली एक उम्मत नसती तर त्यांना मारण्याचा हुकूम दिला असता. म्हणजे उम्मत आहे म्हणून सरसकट दिला नाही; त्याच हदीसमध्ये पुढे गडद काळ्या कुत्र्याचा अपवाद मात्र आहे. चावरा, अंगावर येणारा कुत्रा वेगळा, त्याच्यापासून बचाव करण्याची मुभा आहे. काळ्या कुत्र्याविषयीच्या हदीसवरून काही घरांत काळी पिल्ले मुद्दाम हुसकावतात. काळ्या कुत्र्याला शैतान म्हणणारी एक हदीस नमाजीच्या पुढून जाण्याच्या संदर्भात आहे, आणि हनफींसह बहुसंख्य फकीहांच्या (धर्मशास्त्रज्ञांच्या) मते पुढून काहीही गेले तरी नमाज तुटत नाही. पुढ्यात सुतरा म्हणून हातभर उंचीचे काही ठेवले की झाले. पिल्लाचा रंग काळा, हे त्याला उपाशी ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

आता पाकीचे. विदर्भातले बहुतेक मुसलमान हनफी आहेत, पण नागपुरात कोकणातून आलेली शाफई घरे आहेत, अहले हदीस आहेत, बोहरा आणि इस्ना अशरी आहेत. घरात लग्नाने दोन मसलक एकत्र आले असतील तर सासू एक सांगते, सून दुसरे, आणि दोघींकडे आपापल्या इमामांचे प्रमाण असते. म्हणून आधी आपला मसलक कोणता ते बघा.

हनफींमध्ये फतवा ज्या मतावर दिला जातो त्यानुसार कुत्रा अंगभर नापाक नाही. त्याची लाळ नापाक आहे. कोरडा कुत्रा पायाला घासून गेला, तुम्ही त्याच्या पाठीवर हात फिरवला, तर हात आणि कपडा पाकच राहतो. पावसात भिजलेल्या कुत्र्याने अंग झटकले आणि शिंतोडे उडाले, तर त्याच्या अंगाला घाण लागलेली नसेल तोवर तेही पाक. गटारातून आलेला असेल तर ती घाण नापाक आहे, कुत्र्यामुळे नव्हे. हात चाटला तर हात धुवा. वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याची पाकी) तुटत नाही, फक्त लाळ लागलेला भाग धुवायचा. कपड्याला लाळ लागली असेल आणि डाग तळहाताच्या खोलगट भागापेक्षा मोठा असेल तर त्या कपड्यावर नमाज होणार नाही. त्याहून कमी असेल तर नमाज होते, पण मुद्दाम तसे राहू नये, धुऊन टाकावे. धुण्याची रीत तीन वेळा, दरवेळी पिळून. नळाखाली भरपूर वाहते पाणी सोडले तरी चालते. वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे तर आधी तेवढा भाग नळाखाली धुऊन घ्या, म्हणजे बाकीच्या कपड्यांची शंका राहत नाही.

शाफईंचे याहून कडक आहे. त्यांच्याकडे कुत्रा सगळाच नापाक. दोघांपैकी एक जरी ओला असेल तर लागलेली जागा सात वेळा धुवायची, त्यातली एक वेळ मातीच्या पाण्याने. दोन्ही कोरडे असतील तर काही नाही. मालिकींचे दुसऱ्या टोकाचे: जिवंत कुत्रा पाक, लाळही पाक, भांडे धुण्याचा हुकूम फक्त इबादत म्हणून पाळायचा. जाफरींमध्ये, म्हणजे इस्ना अशरी शियांमध्ये, कुत्रा सगळाच नापाक धरतात.

भांड्याचा मुद्दा सगळ्यात जास्त विचारला जातो. सहीह मुस्लिममध्ये आहे की कुत्र्याने भांड्यात तोंड घातले तर ते सात वेळा धुवा, पहिली वेळ मातीने. अब्दुल्लाह इब्न मुगफ्फल यांच्या रिवायतीत (कथनात) आठव्यांदा माती लावण्याचे आले आहे. हनफींकडे तीन वेळा धुणे वाजिब (बंधनकारक) आणि सात वेळा धुणे पसंतीचे. करायचे असे: आधी उरलेले अन्न किंवा पाणी फेकून द्या. मूठभर स्वच्छ, कोरडी, चाळलेली माती घ्या. आपल्याकडची काळी माती चिकट असते, भांड्याच्या कडांत रुतून बसते, म्हणून शक्यतो भुरकट रेताड माती बरी. थोड्या पाण्यात कालवून पाणी गढूळ होईपर्यंत ढवळा, ते सगळ्या आतल्या बाजूला फिरवा, ओता, मग सहा वेळा साध्या पाण्याने. सहा वेळा म्हणजे सहा वेळा पाणी फिरवून ओतणे; नळाखाली एकदाच दोन मिनिटे धरले तर शाफई मोजणीत ते एकच धुणे होते. साबण मातीच्या जागी चालतो का? हंबलींकडे चालतो, इमाम नववींच्या पसंतीच्या शाफई मतानुसार चालत नाही. सोपा मार्ग म्हणजे कुत्र्यासाठी वेगळे भांडे. त्याला सात वेळा धुण्याची गरजच नाही, कारण त्यात घरचे कोणी खात नाही. साध्या साबणाने रोज स्वच्छ ठेवा, तेवढे पुरे.

मांजरीचे काय, असे ओघाने विचारतात म्हणून सांगतो: मांजर नापाक नाही, ती तुमच्यात घरात वावरणाऱ्यांपैकी आहे, असे अबू कतादा यांच्या हदीसमध्ये स्पष्ट आहे.

आणि मशिदीच्या आवारात कुत्रा शिरला तर? इब्न उमर सांगतात, रसूलुल्लाह (पैगंबर) यांच्या काळात कुत्री मशिदीत ये-जा करत आणि त्यासाठी कोणी पाणी शिंपडत नसे. बुखारीत आहे. चिंतेचे कारण नाही. शांतपणे बाहेर काढा, ओल्या पायाने आला असेल तर फरशी पुसा. दगड मारून, काठी घालून काढू नका. बिथरलेला कुत्रा जाताजाता कोणाला तरी चावतो, आणि मग त्याच कुत्र्याला चावरा म्हणून मारायला लोक जमतात.

आता तिसरा प्रश्न, पाळण्याचा. इथे अम्मींचे म्हणणे पोकळ नाही. ज्या घरात कुत्रा किंवा चित्र असेल त्यात फरिश्ते शिरत नाहीत, ही हदीस सहीह आहे. शारेहीन (हदीसचे भाष्यकार) सांगतात की हे रहमतचे फरिश्ते. अमल लिहिणारे फरिश्ते माणसाला सोडत नाहीत. दुसरी हदीस, शिकार, गुरे किंवा शेत यांखेरीज कुत्रा पाळला तर रोज एक कीरात (सवाबाचे एक माप) सवाब कमी होतो. इब्न उमरच्या रिवायतीत दोन कीरात. शेताचा उल्लेख अबू हुरैरांच्या रिवायतीत आहे.

घराच्या राखणीचे काय? इमाम नववींनी शाफईंमधले अधिक सही मत असे सांगितले आहे की शेत आणि गुरांवरून कियास (साधर्म्यावरून निष्कर्ष) करून घराच्या राखणीसाठीही चालते. इब्न कुदामा या हंबली फकीहांचा कल नाही म्हणण्याकडे आहे. औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात संकलित झालेल्या फतावा आलमगिरीत म्हटले आहे की घरात कुत्रा ठेवू नये, पण चोरांची किंवा तशी दुसरी भीती असेल तर हरकत नाही. मालिकी फकीह इब्न अब्दुल बर्र यांनी असाही मुद्दा मांडला की सवाब कमी होणे हे मकरूह (नापसंत, पण हराम नव्हे) असल्याचे लक्षण आहे. हराम असते तर सवाब घटो न घटो, सरळ मनाईच असती. म्हणजे निव्वळ हौसेसाठी पाळणे बहुसंख्यांच्या मते टाळावे असे, आणि गरजेसाठी पाळणे मोकळे.

हे नागपुरात कसे लागू करायचे? काटोल किंवा उमरेड रस्त्याला संत्र्याची बाग असेल, रोही आणि रानडुकरे रात्री पीक तुडवत असतील, तर शेतावर कुत्रा ठेवणे हदीसमध्ये सरळ नाव घेऊन परवानगी दिलेले आहे. तिथे शंकेला जागा नाही. शेळ्या पाळणाऱ्यांचेही तेच. कंपाउंडचे घर असेल, आसपास चोऱ्या होत असतील, तर अंगणात, फाटकाजवळ, सावलीच्या घरात कुत्रा ठेवा. तो घरात येणार नाही एवढे बघा. आंधळ्या माणसाला वाट दाखवणारा कुत्रा ही तर उघड गरज आहे. पण जाफरनगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, वर राखण्यासारखे काही नसताना, जिथे बसायची सतरंजी, झोपायची गादी आणि नमाजची चटई एकाच खोलीत आहे तिथे, पिल्लू आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कारण फक्त हदीस नाही. त्या जागेत त्याला दिवसभर दोरीला बांधून ठेवावे लागेल, आणि बांधून ठेवलेला देशी कुत्रा सहा महिन्यांत भुंकरा आणि चावरा होतो. मग त्याला बखारीजवळ किंवा भांडेवाडीच्या कचरा डेपोकडे नेऊन सोडले जाते. ते जनावर दुसऱ्या टोळीच्या इलाख्यात जगत नाही. बिल्लीच्या हदीसमधला गुन्हा हाच आहे: स्वतः सांभाळायचे नाही आणि मोकळेही राहू द्यायचे नाही.

मुलीला हे समजावून सांगा, पण नुसते नाही म्हणून थांबू नका. जिन्याखालच्या कुटुंबाची जबाबदारी तिच्याकडे द्या. मनाई आहे ती पाळण्याला, याला नाही, आणि सवाब पूर्ण आहे.

पाळलेच तर खर्च वाजिब होतो, हे कोणी आधी सांगत नाही. तेराव्या शतकातले शाफई फकीह इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी माणसावर असलेले जनावरांचे हक्क मोजून दिले आहेत: जनावर म्हातारे झाले, आजारी पडले, काही कामाचे राहिले नाही तरी त्याला खायला घालायचे, झेपेल त्यापेक्षा जास्त काम लावायचे नाही, त्याला इजा करणाऱ्या जनावरासोबत कोंडायचे नाही. हनफींमध्ये काझीने मालकावर सक्ती करावी की नाही यावर मतभेद आहे, इमाम अबू यूसुफ सक्ती करावी म्हणतात. पण अल्लाहसमोर जबाबदारी आहेच, त्यात दोन मते नाहीत. आजच्या भाषेत त्या खर्चात लस, जंतनाशक आणि डॉक्टर येतो. पाळीव कुत्र्याची मनपाकडे नोंदही करावी लागते.

आता जिन्याखाली रोज काय करायचे ते.

पिल्ले आठ आठवड्यांची होईपर्यंत आईपासून तोडू नका. अबू दाऊदमध्ये एका पाखराची हदीस आहे: सहाब्यांनी तिची पिल्ले उचलली, ती वर पंख पसरून घिरट्या घालू लागली, आणि रसूलुल्लाहनी पिल्ले परत ठेवायला लावली. वैद्यकीय कारणही तेच सांगते. आईचे दूध आणि भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे शिकणे, दोन्ही या आठ आठवड्यांत होते. लवकर तोडलेले पिल्लू पुढे जोरात चावते. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांना उचलूही नका. मादी अंगावर येते आणि चूक तिची नसते. मुलांना चार हात लांब बसवा.

दूध पाजणाऱ्या मादीला जास्त लागते. पंधरा किलोच्या देशी मादीला एरवी दिवसाला साधारण ९०० किलोकॅलरी पुरतात. घरच्या भाषेत, शिजवलेला भात ३०० ग्रॅम, उकडलेले बिनहाडाचे चिकन २०० ग्रॅम आणि दोन उकडलेली अंडी. पिल्ले तीन-चार आठवड्यांची असताना याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त, तीन वेळा विभागून. कांदा आणि लसूण अजिबात नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मसाल्याचा रस्सा नको. मोमिनपुऱ्यातल्या वलिम्यात (लग्नाच्या जेवणात) उरलेल्या बिर्याणीची हाडे सगळ्यात धोक्याची: शिजवलेले कोंबडीचे हाड सुळ्यासारखे फुटते आणि आतडे भोसकते. लोक दयेने घालतात आणि जनावर चार दिवसांनी मरते. भात वेगळा काढून, मसाला पाण्याने धुऊन द्या. वाडगाभर दूधही नको, मोठ्या कुत्र्याला बहुतेक वेळा त्याने जुलाब होतात. पिल्लांना चौथ्या आठवड्यापासून मऊ भात आणि कुस्करलेले अंडे.

पाणी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि नवतप्यात रस्त्याचा डांबर दुपारी चारपर्यंत चटके देतो. पंधरा किलोच्या कुत्र्याला थंड दिवशी पाऊण ते एक लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात दुप्पट, दूध पाजणाऱ्या मादीला आणखी. सिमेंटची किंवा मातीची पसरट कुंडी घ्या, पाच ते दहा लिटरची, बुडाला जड, म्हणजे उलटत नाही. स्टीलचे भांडे उन्हात ठेवले तर दुपारी त्यातले पाणी तोंड भाजण्याइतके तापते. कुंडी सावलीत, भिंतीच्या उत्तर बाजूला. पाणी रोज बदला आणि आठवड्यातून दोनदा कुंडी रिकामी करून आतून घासा, कोरडी करा. एडिस डासाची अंडी कुंडीच्या कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून जात नाहीत, आणि आठवडाभरात डास तयार होतो. डेंग्यूच्या गोष्टीवरून शेजारी कुंड्या फोडतात. घासलेली कुंडी असेल तर त्यांना बोलायला जागा नसते. पाखरांसाठी वेगळे उथळ भांडे, दोन बोटे खोल, मध्ये दगड.

कुत्र्याला लू लागली तर ओळख अशी: खूप धापा, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, लडखडणे. नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस असते. ४१ च्या वर जीव धोक्यात. सावलीत आणा, साध्या पाण्याने पोट, मांड्या आणि पंजे भिजवा, समोर पंखा किंवा कूलर लावा. बर्फ लावू नका, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता अडकते. तोंडात जबरदस्ती पाणी ओतू नका, फुप्फुसात जाते. ताप ३९.५ वर आला की भिजवणे थांबवा आणि डॉक्टरकडे न्या. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावरांचा दवाखाना आहे.

गोचीड हा विदर्भातला मोठा त्रास. त्यातून गोचीड ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येते. लोक यावर कापसाच्या पिकावर फवारायची औषधे लावतात. हे विष आहे. कुत्रा अंग चाटतो आणि तासाभरात लाळ गळणे, थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे सुरू होते. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, साबणाच्या पाण्यात टाका. औषध डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेलेच.

रेबीजची लस पिल्लाला तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, पुढे दरवर्षी. मादीला पिल्लांनी दूध सोडले की द्या. इतर रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून. चावा झाला तर, आपल्या ओळखीच्या कुत्र्याचाही, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा, घड्याळ लावून. मिरची, चुना, हळद लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका. थेट मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत जा. कातडीत टोचतात ती लस पहिल्या दिवशी (तो शून्य धरा), मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी; कातडीतून रक्त आले असेल तर जखमेत सीरमही द्यावे लागते. लस देण्याआधी ताबीज, झाडफूक यांत वेळ घालवू नका. लक्षणे दिसल्यावर रेबीजवर इलाज नाही. चावलेल्या कुत्र्याला मारू नका, दहा दिवस बघा. दहाव्या दिवशी तो धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. पण कुत्र्यावर नजर ठेवतोय म्हणून लस थांबवायची नाही.

बकरी ईदला एक काम फार महत्त्वाचे आहे आणि ते कुत्र्यांशी थेट जोडलेले आहे. बकऱ्याच्या काळजावर (यकृतावर) किंवा फुप्फुसावर पाण्याचे फोड दिसले तर तो भाग कुत्र्यांपुढे फेकू नका. त्या फोडात एका फीतकृमीच्या अळ्या असतात. कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात कृमी वाढतो, विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि ती अंगणातल्या मातीतून, मुलांच्या हातातून पोटात गेली तर माणसाच्या काळजात तसाच फोड तयार होतो. बऱ्याचदा शस्त्रक्रिया करून काढावा लागतो. मीटरभर खोल खड्डा करा, चुना टाका, माती दाबा, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. किंवा मनपाच्या गाडीत द्या. कुत्र्यांना मांस द्यायचेच असेल तर अर्धा तास उकळून द्या. आणि सुरी धारदार, एका जनावरासमोर दुसऱ्याला न कापणे, ओढत न नेणे, आधी पाणी पाजणे. सहीह मुस्लिममध्ये शद्दाद इब्न औस यांच्या हदीसमध्ये सुरीला धार लावा आणि जनावराला आराम द्या असे स्पष्ट सांगितले आहे.

शेजाऱ्यांचे काय करायचे? कोणालाही नुकसान करू नये, हा शरियतचा मूळ नियम आहे आणि शेजाऱ्याचा हक्क त्यात येतो. जिन्यात, दारात, मुलांच्या खेळण्याच्या जागी खायला घालू नका. वेळ ठरवा, सकाळी नमाजनंतर आणि रात्री, वीस मिनिटांनी भांडे उचला, जागा पुसा. उरलेले पडून राहिले की उंदीर आणि बाहेरची कुत्री येतात, तिथून भांडणे सुरू होतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही सोसायटीने मुलांच्या जागा आणि दरवाजे सोडून खाऊ घालण्याची जागा ठरवावी असे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खायला घालायचे तर दत्तक घ्या असे म्हटले होते, त्या भागाला नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पुढे २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने ठरलेल्या जागीच खाऊ घाला, रस्त्यावर कुठेही नको, असे सांगितले आणि सर्व राज्यांना त्या प्रकरणात जोडून घेतले. म्हणून तुमच्या वॉर्डातली जागा मनपाकडून विचारून घ्या. कोणी लाडवात विष घालून ठेवले तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मेलेले जनावर आणि उरलेले खाणे न हलवता फोटो काढून पोलिसांना कळवा.

शेवटचे काम नसबंदीचे, आणि मुलीने हेच तडीस न्यावे. एक मादी वर्षाला दोनदा व्यायली तर सहा महिन्यांनी पुन्हा हाच प्रश्न येणार. काही घरांत ही अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ आहे म्हणून विरोध होतो. माणसाची खस्सी (खच्चीकरण) हराम आहे, पण फायद्यासाठी जनावराची खस्सी हनफी किताबांत जायज सांगितली आहे, आणि रसूलुल्लाहनी खस्सी केलेल्या दोन मेंढ्यांची कुर्बानी दिल्याची रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. शस्त्रक्रिया भूल देऊन होते. त्याच वेळी कानाला खाच पाडतात, ओळख म्हणून, त्यावरही विचारतात. तोंडावर डाग देण्याची मनाई आहे, पण कानावर खूण करण्याची नाही: अनस यांनी रसूलुल्लाहना मेंढ्यांच्या कानावर खूण करताना पाहिले, असे बुखारीत आहे. सूरह निसात ज्या कान चिरण्याचा निषेध आहे ते मूर्तींच्या नावाने सोडलेल्या जनावरांचे कान होते.

वेळ अशी धरा: पिल्ले साधारण दोन महिन्यांची झाली, दूध सुटले, आचळे आटली की मादीला मनपाच्या नसबंदी केंद्राकडे नोंदवा. आधीच्या रात्रीपासून खायला देऊ नका, पाणी द्या. घेऊन जाणाऱ्या गाडीचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा आणि जिन्याचा फोटो द्या, कारण नियमानुसार तिला जिथून उचलले तिथेच परत सोडायचे असते. परत आल्यावर रोज टाके बघा. जागा कोरडी, कडा मिटलेल्या असाव्यात. पू, सूज, वास किंवा दोन दिवस न खाणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी केंद्राला कळवा. पिल्लांची नसबंदी सहा महिन्यांनंतर, त्याच क्रमाने.